मारका बैल आणि जुनी गाडी

दोष ठाऊक असलेली वस्तू विकणे पाप आहे का? आणि दोष ठाऊक असूनही ती विकत घेणे, दारात उभी करणे, रस्त्यावर काढणे यात काही गैर आहे का? प्रश्न वरवर पाहता बाजारातला वाटतो. देवळात बसून यावर कशाला विचार करायचा, असेही कोणी म्हणेल. पण बंधुभगिनींनो, आपल्या हातून चुका होतात त्या बहुतेक बाजारात, शेताच्या बांधावर आणि घराच्या उंबऱ्यातच होतात. म्हैस विकताना, विहिरीसह रान देताना, मुलीचे स्थळ ठरवताना आणि मोटार घेताना हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत आपल्यापुढे येतो. मला जे ठाऊक आहे, ते समोरच्याला सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे का?

आज उदाहरण घेऊ ते जुन्या मोटारीचे. तेही साध्या घरगुती मोटारीचे नव्हे, तर तरुणांना भुरळ घालणाऱ्या, जोरात पळणाऱ्या, ज्यांना 'स्पोर्टी' म्हणतात अशा मोटारीचे.

कराडहून विट्याकडे जाताना कडेगाव लागते. हा मुलूख एके काळी पावसाकडे डोळे लावून बसणारा. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी इकडे चढवले, तसा ऊस वाढला आणि हातात थोडा पैसा खेळू लागला. शिवाय या भागातील पुष्कळ घरांतील माणसे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी भारतभर विखुरलेली आहेत. जत्रेला, सणाला ती गावी येतात तेव्हा परराज्यांचे नंबर असलेल्या गाड्या गल्लीत उभ्या राहतात. गावातील तरुणाच्या मनात मोटारीची हौस निर्माण व्हावी यात नवल नाही. हौस हे काही पाप नव्हे.

नवी वेगवान गाडी परवडत नाही, म्हणून तो जुनी शोधतो. २००१ साली फियाट कंपनीची पॅलिओ भारतात आली. ती मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे आणि तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर असे. तिचे १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे शंभर अश्वशक्तीचे होते. त्या काळी एवढ्या लहान गाडीत एवढी ताकद म्हणजे अप्रूपच. त्याच सुमारास होंडा सिटीची व्हीटेक इंजिनाची गाडी आली, तीही शंभरावर अश्वशक्तीची. ज्या मुलाने शाळेत असताना टीव्हीवर या गाड्या पाहिल्या, तो आज कमावता झाला आहे, आणि त्याच्या स्वप्नातली गाडी त्याच्या खिशाला परवडू लागली आहे.

ती परवडते कशामुळे? तिच्या दोषांमुळे. १.६ची पॅलिओ पेट्रोल फार पिते हे तेव्हापासूनच सर्वांना माहीत होते. फियाटच्या नावाने होणारी मोटारींची विक्री भारतात २०१९च्या सुमारास थांबली, त्यामुळे सुटे भाग शोधत फिरावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. वेगाची हौस म्हणून घेतलेली गाडी आधीच्या मालकाने हौसेनेच पळवलेली असते, हे तर सांगायलाच नको. म्हणजे दोष आहेत, ते ठाऊकही आहेत आणि किंमत त्यांमुळेच उतरली आहे. मग नैतिक प्रश्न उरतो कुठे?

सोन्याचा कस

उत्तरासाठी आपल्याच भागातील गलाईवाल्याकडे जाऊ. त्याचा सारा व्यवसाय दोषांशी आहे. जुने दागिने वितळवायचे, त्यातील हीण बाजूला काढायचे आणि शुद्ध सोने किती ते सांगायचे. २२ कॅरेट सोन्यात हजारात ९१६ भाग सोने असते, बाकीचे तांबे, चांदी वगैरे. १८ कॅरेटमध्ये ७५० भाग. पण १८ कॅरेटच्या अंगठीला कोणी खोटी अंगठी म्हणत नाही. ती १८च्या भावाने घेतली आणि १८च्या भावाने विकली, तर व्यवहार चोख झाला. लबाडी सुरू होते ती १८चे सोने २२ म्हणून दिले की. त्यासाठीच तर २०२१च्या जूनपासून सरकारने देशातील अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा केला.

यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. दोष असणे म्हणजे पाप नव्हे. देवाने निर्माण केलेल्या या जगात माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू निर्दोष नाही, आणि वापरलेली तर नाहीच. पाप आहे ते दोष झाकून पूर्ण मोल घेण्यात. जुनी गाडी जुनी म्हणून, गळकी गाडी गळकी म्हणून विकली आणि घेणाऱ्याने समजून घेतली, तर त्यात कोणाचाही अपराध नाही.

मात्र सोने आणि मोटार यांत एक मोठा फरक आहे. सोन्याचा कस कमी निघाला तर नुकसान पैशाचे होते. मोटारीचा ब्रेक कमी पडला तर नुकसान माणसाचे होते. हा फरक लक्षात ठेवून पुढे जाऊ.

विकणाऱ्याने तोंड कधी उघडावे?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगणे बंधनकारक आहे का? त्या काळी मोटारी नव्हत्या, म्हणून त्यांचे उदाहरण घोड्याचे आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे, ते समोर दिसते आहे, आणि विकणाऱ्याने किंमतही त्या मानाने कमी केली आहे, तर त्याने वेगळे सांगितलेच पाहिजे असे नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, कोसळायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे, नासलेले अन्न चांगले म्हणून विकणे ही फसवणूकच आहे, असे ते सांगतात.

गंमत अशी की आपल्या देशाच्या कायद्यातही घोडाच आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या १७व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे दिली आहेत. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, नुसते गप्प बसणे ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच मुलगी असेल, नुकतीच वयात आलेली, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असे समजेन," तर त्यानंतरचे गप्प बसणे हे बोलण्यासारखेच आहे.

या उदाहरणांवर थोडे थांबून विचार करावा. कायदा म्हणतो, परक्याला सांगितले नाही तरी चालेल, पण मुलीला सांगितले पाहिजे. आता आपली श्रद्धा काय सांगते? शेजारी कोण, असे विचारणाऱ्याला प्रभू येशूने भल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. तिच्यात परका हाच शेजारी ठरला. म्हणजे कायद्याने जी रेषा मुलगी आणि परका यांच्यामध्ये ओढली, ती ख्रिस्ती माणसाला पुसावी लागते. गाडी घ्यायला आलेल्या अनोळखी तरुणाला आपण जे सांगणार आहोत, तेच आपल्या मुलीला सांगितले असते का? एवढे एकच विचारले तरी पुष्कळ व्यवहार सुधारतील.

उघडे दोष आणि झाकलेले दोष यांत फरक आहे, हे तर कोणीही मेस्त्री सांगेल. रंग उडालेला आहे, सीट फाटली आहे, एसी गार करत नाही, हे घेणाऱ्याला फेरी मारतानाच कळते. पण मीटर मागे फिरवलेला कळत नाही. अपघातात वाकलेली चेसिस डेंटिंग-पेंटिंग केल्यावर दिसत नाही. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी केली की ती तर नव्यासारखी चमकते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ सालीही पूर आला. पुरात बुडालेल्या गाड्यांचे पुढे काय होते? काही भंगारात जातात, तर काही लिलावात जातात आणि वाळवून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला की आत दडलेला चिखलाचा डाग दिसतो, गालिचा उचलला की खाली गंज दिसतो. पण हे पाहण्याचे ज्याला सुचत नाही, तो बिचारा पैसे मोजून मोकळा होतो. आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस, बाहेर मोल. इथे तर म्हैस पाण्यातून बाहेर काढून, पुसून उभी केलेली असते.

"त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही," हे उत्तर फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात दोन तत्त्वज्ञांचा वाद आहे. घर रोगट आहे, त्यात साप निघतात, लाकूड किडके आहे. हे फक्त मालकाला ठाऊक आहे. एक म्हणतो, मालकाने घ्या म्हणून जबरदस्ती केली नाही, न सांगणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जसे वाईट, तसेच हे. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूने निकाल देतो. तुमच्या गप्प बसण्याने तुमचा फायदा होणार असेल आणि समोरच्याला ते कळणे त्याच्या हिताचे असेल, तर ते गप्प बसणे म्हणजे लपवणेच.

"मलाही अशीच गळ्यात मारली होती, मी कुणाला काय सांगू?" हे दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्यात खरेच दुःख असते. पण विचार करा. आपल्या हातात कोणी खोटी नोट दिली, तर ती पुढच्या दुकानात खपवण्याचा हक्क आपल्याला मिळतो का? नाही मिळत. मग खोटी गाडी खपवण्याचा हक्क कसा मिळेल? फसवला गेलेला माणूस दुसऱ्याला फसवून भरपाई करतो, तेव्हा पहिली चोरी मिटत नाही, तिला दुसरी जोडली जाते. सातवी आज्ञा चोरी करू नको म्हणते आणि आठवी खोटी साक्ष देऊ नको म्हणते. मीटर मागे फिरवणारा एकाच स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही मोडतो.

घेणाऱ्याने डोळे कधी उघडावेत?

दोष नेहमी विकणाऱ्याकडेच असतो असे मात्र नाही. नीतिसूत्रे या पुस्तकाला गिऱ्हाईकही चांगले ठाऊक आहे. घेताना तो वस्तूला नावे ठेवतो आणि घरी जाताना स्वस्तात मारली म्हणून फुशारकी मारतो, असे निरीक्षण तिथे नोंदलेले आहे. आपल्या बाजारातही हेच चालते.

समजा, नवरा अचानक वारला आणि त्याची हौसेची गाडी अंगणात उभी आहे. बाईला तिचे मोल ठाऊक नाही, डोक्यावर कर्ज आहे. घ्यायला आलेल्याला मात्र ठाऊक आहे की या गाडीचे इंजिन उत्तम आहे, नुसती बॅटरी उतरली आहे. तो म्हणतो, "इंजिन गेलंय वहिनी, भंगाराच्या भावात देत असाल तर नेतो." इथे दोष गाडीत नाही, पण खोटे आहेच. दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव ठरवणे हे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे, हे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट आहे. तेथे भाव वाढवण्याचे उदाहरण दिले आहे. पण वाढवून फसवणे आणि पाडून फसवणे ही एकाच काठीची दोन टोके आहेत.

घेणारा आणखी एका माणसाला फसवतो, तो म्हणजे स्वतःला. गाडी मनात भरली की माणसाला दोष पाहायचे नसतात. मेस्त्रीला बरोबर न्यायचे नसते, कारण तो नको म्हणेल. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते आरसी बुकात पाहायचे नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला नको आहे, तो प्रश्न आपण विचारत नाही. आणि पुढे काही घडले की म्हणतो, "मला काय माहीत?" हे अज्ञान निरागस नसते. माहिती हाताशी असताना मुद्दाम पाठ फिरवून मिळवलेले अज्ञान दोषातून सोडवत नाही, असे आपले नीतिशास्त्र सांगते.

मारका बैल

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. समजा, विकणाऱ्याने सगळे सांगितले. ब्रेक कमी लागतात, पुढचे टायर गुळगुळीत झाले आहेत, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे. घेणाऱ्याने सगळे ऐकले, किंमत कमी करून घेतली, सही केली, किल्ली घेतली. दोघांत काहीही लपवाछपवी नाही. व्यवहार पूर्ण झाला. पण नीती पूर्ण झाली का?

निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने शिंग मारून कोणाला ठार केले, तर बैल मारावा, पण धन्याला दोष नाही. मात्र तो बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी ताकीद मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर धनी दोषी आहे. हजारो वर्षांपूर्वीचा हा नियम किती बारीक विचार करतो ते पाहा. बैल तोच, शिंग तेच, मेलेला माणूसही तसाच. फरक एकाच गोष्टीने पडतो. धन्याला ठाऊक होते.

ज्याने बैल पाळले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. मारका बैल वाईट असतो असे नाही. नांगराला तो उत्तम असेल. पण त्याची खोड ठाऊक असलेला शेतकरी त्याला आखूड दोरीने बांधतो आणि पोरांना त्याच्याजवळ फिरकू देत नाही. खोड ठाऊक होणे म्हणजे आखूड दोरीची जबाबदारी अंगावर येणे.

आपल्या मोटार वाहन कायद्याचे १९०वे कलम हेच सांगते. ज्या दोषामुळे गाडी चालवणे धोक्याचे होते, तो दोष चालवणाऱ्याला ठाऊक असेल किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, आणि तरी त्याने गाडी चालवली किंवा दुसऱ्याला चालवू दिली, तर तो गुन्हा आहे. "साधी काळजी घेतली असती तर कळला असता" हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुद्दाम मिळवलेले अज्ञान इथेही चालत नाही.

याचे कारण उघड आहे. घेणाऱ्याने दोष मान्य केला, तो स्वतःसाठी. सौद्याच्या वेळी रस्त्यावरची माणसे तिथे नव्हती. हंगामात वांगीच्या सोनहिरा साखर कारखान्याकडे ऊस घेऊन जाणाऱ्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर या रस्त्यांवरून चालत असतात. कितीतरी गाड्यांना मागे दिवा नसतो. पहाटे ऊसतोड कामगारांच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन कडेने चालतात. सकाळी शाळेची मुले जातात. शंभर अश्वशक्तीची गाडी गुळगुळीत टायरवर त्यांच्यामागून येते, तेव्हा गाडी स्वस्तात मिळाल्याचा फायदा एकाचा असतो आणि धोका सगळ्यांचा. त्यांची संमती कोणी घेतली होती?

म्हणून दोषांच्या दोन याद्या कराव्यात. एक खिशाचे दोष, दुसरी जिवाचे दोष. पेट्रोल जास्त पिणे, एसी न चालणे, काच वर न येणे, रंग उडणे, सुटा भाग मिळेपर्यंत महिनाभर गाडी उभी राहणे, हे खिशाचे दोष. ते सोसायचे की नाही हा मालकाचा प्रश्न आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, सीटबेल्ट, गंजलेली चेसिस, हे जिवाचे दोष. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढण्याचा हक्क कोणालाच नाही. मालकीमुळे तो मिळत नाही आणि पैसे मोजूनही तो मिळत नाही.

कधी दोष कंपनीलाही ठाऊक झालेला असतो. जपानच्या तकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये असा दोष निघाला की ती फुगताना धातूचे तुकडे उडत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतातही होंडाने सिटी, अकॉर्ड, सिव्हिक अशा आपल्या जुन्या गाड्या बोलावून तो भाग फुकट बदलून दिला. पण सूचनेचे पत्र जाते ते नोंदीतल्या मालकाकडे. गाडी चार हात फिरून गावात आलेली असेल आणि नाव बदललेले नसेल, तर पत्र पोहोचणार कसे? जुनी गाडी घेणाऱ्याने कंपनीच्या सेवा केंद्रात चेसिस नंबर देऊन हे विचारून घ्यावे. त्याला पैसे पडत नाहीत.

सांगणे पुरेसे आहे का?

इथे सर्वांत अवघड प्रश्न येतो. विकणाऱ्याने खरे सांगितले. पण समोरचा तरुण दुरुस्ती करणार नाही, हेही त्याला दिसते आहे. त्याच्याकडे गाडीपुरतेच पैसे आहेत, तेही उसने. तो उद्यापासून तीच गाडी, त्याच ब्रेकवर पळवणार आहे. अशा वेळी "मी सांगितले होते" एवढ्याने विकणारा सुटतो का?

जुन्या वस्तूंच्या बाजाराचा एक क्रूर नियम आहे. दोष जितका मोठा, तितकी किंमत कमी. आणि किंमत जितकी कमी, तितका घेणारा गरीब. म्हणजे पहिल्या मालकाने जो ब्रेक दुरुस्त करण्याचे टाळले, तो दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे असे करत शेवटी अशा माणसाकडे येतो ज्याला तो दुरुस्त करणे सर्वांत कमी परवडते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. त्यानंतर तिकडच्या कितीतरी जुन्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या. शहराला नको असलेला धूर गावाकडे आला. धोक्यालाही पाण्यासारखा उतार लागतो.

म्हणून खिशाच्या दोषांबाबत खरे सांगणे पुरेसे आहे, पण जिवाच्या दोषांबाबत ते पुरेसे नाही. मारका बैल विकताना "मारका आहे बरं का" एवढे म्हणून तो पोरांनी भरलेल्या अंगणात सोडता येत नाही. ब्रेक आधी दुरुस्त करून मग गाडी विकावी आणि तो खर्च किमतीत उघडपणे धरावा. ते जमत नसेल तर दुरुस्तीपुरते पैसे कमी घेऊन गाडी थेट मेस्त्रीच्या दारात पोहोचवावी. आणि गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल, तर ती मोडीत काढावी. २०२१ पासून त्यासाठी नोंदणीकृत केंद्रांची सोय कायद्याने झाली आहे. मोडीत काढल्याने पैसे कमी मिळतील, हे खरे. पण बाकीचे पैसे कशाचे असते, याचा विचार करावा.

कागदही नीतीचा भाग आहे

"टीटी फॉर्मवर सह्या केल्या, आता माझा संबंध संपला," असे म्हणणारे पुष्कळ असतात. तो संपत नाही. गाडी विकल्यावर चौदा दिवसांच्या आत विकणाऱ्याने आणि तीस दिवसांच्या आत घेणाऱ्याने परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कायदा सांगतो. पुष्कळ गाड्या वर्षानुवर्षे जुन्याच नावावर फिरतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. गाडी हातोहात अनेकांकडे गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती, आणि अपघात झाला. न्यायालयाने म्हटले, नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसाने खरा मालक शोधत दारोदार फिरावे, हे न्यायाला धरून नाही. यामागचा विचार आपणही घ्यावा. नाव बदलणे म्हणजे नुसती कचेरीतली कटकट नव्हे; काही घडले तर जबाब कोण देणार, हे समाजाला सांगणे आहे.

एक साधी सवय लावता येईल. विक्रीच्या कागदाबरोबर दोषांचा एक कागद द्यावा. काय दुरुस्त केले, काय राहिले, कधी ठोकली होती, सर्व लिहून दोघांनी सह्या कराव्यात. लिहायला हात अडखळला, तर तिथेच काहीतरी लपलेले आहे असे समजावे.

घरच्यांचा वाटा

शेवटी हौसेबद्दल. जुनी गाडी घेऊन तिला जीव लावणे, रविवारी दुपारी बॉनेट उघडून बसणे, तुटलेला भाग कुठून तरी शोधून आणणे, यात चंगळ नाही. उलट फेकून देण्याच्या या काळात वस्तू सांभाळून वापरणे हा सद्गुणच आहे. अशा गाडीच्या मालकाला तिचे प्रत्येक आवाज ओळखता येतात. दोषांसह एखाद्या गोष्टीवर प्रेम करणे माणसाला थोडे सहनशीलही बनवते.

पण त्या प्रेमाचा खर्च कोण उचलतो, हे विचारायला हवे. गाडी महिन्यातून दोनदा गॅरेजला जाते आणि मुलीच्या क्लासची फी मागे पडते, आईचा मोतीबिंदू पुढच्या वर्षावर ढकलला जातो, तेव्हा गाडीचे दोष बायको आणि मुले सोसत असतात. त्यांनी ती गाडी निवडलेली नसते. सौदा करण्यापूर्वी त्यांच्यासमोर दोषांची पूर्ण यादी मांडणे, हेही सत्यच आहे. विकणाऱ्याकडून आपण ज्या खरेपणाची अपेक्षा करतो, तो घरात दाखवायला काय हरकत आहे?

तेव्हा जुनी गाडी घेताना, बाळगताना किंवा विकताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मला जे ठाऊक आहे ते मी समोरच्याला माझ्या मुलीइतके मोकळेपणाने सांगितले आहे का? जे ठाऊक करून घ्यायला हवे होते, त्याकडे मी मुद्दाम पाठ तर फिरवली नाही ना? आणि या सौद्यात जो हजर नव्हता, पण उद्या जो माझ्या गाडीपुढून रस्ता ओलांडणार आहे, त्याचा मी विचार केला आहे का?

तिन्हींची उत्तरे समाधानाने देता आली, तर गाडी खुशाल घ्यावी. ती पेट्रोल जास्त पिईल, घाटात कधी तापेल, पाहुण्यांसमोर चालू होणार नाही. ते सगळे हसून घेता येईल. पण ब्रेकची दुरुस्ती मात्र या आठवड्यातच करून घ्यावी.